शेवटचं झाकण

दुपारी अडीचला पहिलं झाकण वाया गेलं. मोटरसायकलच्या गिअरबॉक्सचं झाकण. त्यातला बेअरिंगचा खड्डा केसभर जास्त खोल कापला गेला. शर्यत पाचला होती आणि ओतीव झाकण आता एकच उरलं होतं.

"कटरला ठरल्या खोलीवर अडवणारा स्टॉपर बरोबर लावला होता," ताई म्हणाली. मिलिंग मशीनने भर वर्कशॉपात कानाखाली वाजवावी, तसा तिचा चेहरा झाला होता.

"मशीनला बोल लावू नकोस," काका म्हणाले. वर्कशॉप त्यांचं. "घरात सगळ्यांत सरळ तेच वागतं."

धाकटी बहीण भिंगरी हेल्मेट घालूनच येरझारा घालत होती. गाडी तिची, शर्यतही तिचीच. "ताई, नसेल जमत तर सांग. ढकलत नेते. शेवटून पहिली तर येईनच."

"तू आधी ते मडकं काढ डोक्यावरचं."

ताईने नव्या झाकणाला हात लावला नाही. तिने केसभर फरकही काट्यावर दाखवणारा डायल गेज मशीनच्या डोक्याला चिकटवला आणि टोक क्विलला टेकवलं. क्विल म्हणजे कटर धरून खाली-वर सरकणारी नळी. ती स्टॉपरपर्यंत खाली आणली, काटा शून्यावर ठेवला आणि क्विलला जागेवर धरणारा लॉक आवळला.

काटा हलला.

तिने लॉक सैल केला. काटा मागे. पुन्हा आवळला, पुन्हा पुढे.

"अगं बाई!" ताई ओरडलीच. "आवळलं की क्विल खाली दबते! मी खोली गाठली, लॉक आवळला आणि मग शेवटचा फेरा मारला!"

काकांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. "शेवटच्या फेऱ्याआधी आवळायचं, हे मीच शिकवलं तुला."

"तुमचा कान मग पिळते. आता लॉक आधीच आवळायचा, क्विलला हातही लावायचा नाही. कटर जागेवर, टेबल वर येईल. काका, कागद!"

ताईने शेवटचं झाकण टेबलावर घट्ट बांधलं आणि थांबलेल्या कटरखाली काकांनी त्यावर पातळ कागद सरकवला. ताईने हँडल फिरवत टेबल इंचाइंचाने नाही, श्वासाश्वासाने वर आणलं.

"अडकला!" काका लहान पोरासारखे ओरडले.

डायल आता टेबलाला लागला. कागदाची जाडी धरून ताईने शून्य लावलं, मशीन सुरू केलं. भिंगरी काटा वाचू लागली. एकदा हँडल जरा पुढे गेलं, पण झाकण तेव्हा कटरखाली नव्हतं. ताईने टेबल चांगलं खाली घेतलं आणि पुन्हा खालूनच वर आणलं, म्हणजे हँडलमधली ढील मोजमापात येणार नाही.

"आणखी जरासं... बस! बस, ताई, बस!"

खड्डा मोजला. बरोबर. बेअरिंग बसलं, झाकण बसलं. फटीवर नख फिरवलं तर कुठे अडलं नाही. भिंगरीने ताईच्या काळ्या हातांसकट तिला मिठी मारली आणि गाडीला किक मारली.

पाचला शर्यत सुटली. ताई आणि काका कुंपणाला लटकून ओरडत होते. पहिला फेरा संपला तेव्हा भिंगरी चौथी होती. झाकणाखालून तेल गळतंय का, हे त्या वेगात दोघांपैकी कुणालाच दिसलं नाही.