जुळे सोलापुरात गॉथिक

मी इंग्रजी शिकवते, आणि चांगलं शिकवते. हे मलाच सांगावं लागतं, आमच्या कॉलेजात दुसरं कुणी सांगणार नाही. बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला गॉथिक साहित्य असतं. पोरं गाईडमधून लक्षणं घोकतात: पडका किल्ला, कुलूपबंद खोली, वादळ, अंधार आणि मेल्यावरही घर न सोडणारं माणूस. मोहोळकडनं एसटीनं येणारं एखादं पोरगं विचारतं, "मॅडम, असलं खरंच कुटं असतंय का?" मी म्हणते, "असतं की," आणि पुढं शिकवते.

जानेवारीत, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, मी लग्न केलं. कमलाकर झेडपीत क्लार्क. त्याची पहिली बायको भार्गवी चार वर्षांपूर्वी काविळीनं गेली. घरात नऊ वर्षांची आरोही आणि सासूबाई, रुक्मिणीबाई. जुळे सोलापुरात दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक माझ्यापुढं धरला. नखाएवढा पत्रा आणि त्यावर बाईची आकृती.

"पहिलीचा हाय. गळ्यात घाल. जेवायच्या आदी रोज तिला घास दाखवायचा. न्हाय केलं तर ती दुसरीला सुखानं नांदू देत न्हाय."

"आई, मी भुतं शिकवते," मी म्हटलं. "त्यांना घाबरायला लागले तर पगार कशाचा घेऊ?"

सासूबाईंनी तोंड फुगवलं. तेव्हापासून घरात काही बिघडलं की खापर ठरलेलं. पाणी यायच्या दिवशीच मोटर जळाली, दूध नासलं, जिन्यात माझा पाय मुरगळला. "बघ, आलीच," असं त्या पुटपुटायच्या. भार्गवीचं नाव मात्र घ्यायच्या नाहीत, कुणाला घेऊ द्यायच्या नाहीत. नाव घेतलं की येते म्हणे. तिचा फोटो, साड्या, सगळं मधल्या खोलीतल्या कपाटात, आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला. कमलाकर आईपुढं ब्र काढत नाही.

आरोही मात्र माझ्या बाजूची, असं मी धरून चालले. "मावशी, तो टाक घालू नका हं," ती मला हळूच सांगायची. काही बिघडलं की धावत यायची, डोळे चमकत असायचे. "आजी, आली का गं?" मला वाटायचं, म्हातारीची चेष्टा करतेय. मी हसायची. मैत्रिणींना फोनवर सांगायची, पोरगी नव्या विचारांची आहे, माझं नशीब थोर.

एप्रिलमधल्या एका रविवारी मी नोट्स काढत बसले होते. ती शेजारी येऊन बसली. "मावशी, मेलेलं माणूस घरात परत यायला काय काय लागतं?"

मला काय आनंद झाला. वर्गात सांगावं तसं सांगितलं. बंद खोली. अंधार. त्या माणसाच्या वस्तू. बाहेरच्या जगाशी संबंध तुटलेला. आणि आत एकटंच बसलेलं कुणीतरी. तिनं सगळं वहीत उतरवून घेतलं. माझे विद्यार्थी इतकं मन लावून कधी लिहीत नाहीत.

मंगळवारी दुपारी दीड वाजता घरी आले. बाहेर त्रेचाळीस अंश होतं. बेल वाजेना. किल्लीनं दार उघडलं तर मेन स्विच पाडलेला. सासूबाई शेजारी गोजरबाईंकडे पापड लाटायला गेल्या होत्या. मधल्या खोलीला आतून कडी. आरोहीला हाका मारल्या, उत्तर नाही. मग खांदा लावला. दुसऱ्या धक्क्याला कडी निघाली.

खिडकीत चादरी खोचल्या होत्या. खोलीची नुसती भट्टी झाली होती. कपाटाला पाठ लावून पोर बसलेली, तोंड लालबुंद, केस घामानं कपाळाला चिकटलेले. मांडीवर वही उघडी होती आणि पाचही लक्षणांपुढं बरोबरच्या खुणा होत्या.

"मावशी, सगळं केलं," ती म्हणाली. "तुम्ही टाकसुद्धा घातला नाहीत. तरी येत नाही."

"कोण?"

"आई. तिचा चेहरा थोडा आठवतो. आवाज आठवतच नाही. एकदा आली असती तर ऐकला असता."

मला स्वतःची लाज वाटली. तीन महिने ही पोर आईची वाट बघत होती, आणि मी तिला माझ्या बाजूची समजून मिरवत होते. तिला पाणी पाजलं, पदरानं तोंड पुसलं. भार्गवीचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता, देणार कुठून?

सासूबाई दारात येऊन उभ्या होत्या. हाताला उडदाचं पीठ तसंच. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"आई, तिचं नाव घ्या," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, चढू दे म्हटलं. "आत्ता घ्या. आली तर येऊ दे, मी बघते काय करायचं ते."

त्या घाबरल्या होत्या, मला दिसत होतं. तरी आत आल्या, गुडघ्यावर हात टेकून नातीसमोर बसल्या.

"भार्गवी," त्या म्हणाल्या, आणि आजूबाजूला बघितलं. काही झालं नाही. "तुजी आई लई मोठ्यांदा बोलायची गं. खालच्या मजल्यापातुर ऐकू जायचं. तू बालवाडीतनं आलीस की ती ओट्याजवळनंच..."

त्या थांबल्या. मान वर केली. आणि त्यांच्या तोंडून वेगळाच आवाज निघाला, उंच, भरभरून, शेवटी हेल काढणारा. "आरूऽ, आलं का गं माझं सोनं? चपला तितंच काढ."

आरोही हललीसुद्धा नाही. मग तिनं वही बाजूला ठेवली.

"परत म्हण, आजी."

सासूबाईंनी परत म्हटलं. खालच्या मजल्यावर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.