पहिल्या वायरीची जागा

जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स कारचा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे चारही प्लगना ठिणगी वाटून देणारा डबा, लेक आज बदलत होती. वायरी उपटण्याआधी ती फोटो काढणार होती, पण स्टुलावर बसलेले बाबा म्हणाले, "फोटो कशाला? पुस्तक आहे ना." गाडीचं पुस्तक त्यांच्या लेखी काळ्या दगडावरची रेघ. ते मांडीवर घेऊन त्यांनी कोणती वायर कुठे ते वाचून दाखवलं, तिनं नव्या डब्यात तशाच वायरी खोचल्या आणि चावी फिरवली. गाडी खोकली, शिंकली, पण सुरू काही होईना.

"नव्या मालात दम नाही," बाबा म्हणाले.

तिला ते पटेना. तिनं जुना डबा उजेडात धरला. काळ्या झाकणावर कुणीतरी पहिल्या वायरीसाठी एकचा आकडा कोरला होता, बाबांनी सांगितलेल्या जागेहून एक घर पुढे. तिनं चारही वायरी एकेक घर पुढे सरकवल्या. गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

"बाबा, हे कसं काय?"

बाबा फडक्यानं हात पुसत राहिले. खरं तर त्यांनी कशालाच हात लावला नव्हता.

"तुझ्या जन्माआधी इंजिन खोललं होतं. जोडताना हा डबा फिरवणारं खालचं चक्र मी चुकीचं बसवलं. परत कोण खोलणार? वायरीच सरकवल्या."

हे टिपून ठेवावं म्हणून तिनं पेन्सिल घेतली आणि त्यांच्या मांडीवरचं पुस्तक उचललं. चित्राशेजारी बाबांच्या अक्षरात पेन्सिलीची एक ओळ होती, खोडरबरानं पुसलेली, तरी वाचता येणारी: 'वायरी एक घर पुढे. चूक माझी.'

तिनं वर पाहिलं. बाबांनी खिशातलं पेन पुढे केलं.

"पेन्सिलीनं नको," ते म्हणाले.