वाट सांगणारा फळा

मित्रांनो, मी फळा आहे. शाळेतला नाही, आधीच सांगून ठेवतो. तिथं चुकलं की छडी बसते, विषय संपला. माझ्यावर कुणी चुकलं तर माणूस परत येत नाही.

मी एका फुटक्या होडीच्या तीन फळ्या. गावच्या कुस्तोदियोनं त्या जोडल्या, काळा रंग फासला आणि खाडीच्या धक्क्यावर बर्फाच्या खोलीच्या भिंतीला मला टांगलं. पांढऱ्या रंगानं त्यानं माझ्यावर खाडीचं तोंड काढलं. दोन बाजूंना दोन काठ, मधे रिकामी जागा. रिकामी अशासाठी, की तिथली वाळू दर पावसात सरकते. यंदाची वाट पुढच्या वर्षी नसते. म्हणून जो बाहेर जाऊन आला त्यानं खडू घ्यायचा, वाट काढायची आणि लिहायचं: नाव, कसली होडी, किती हात पाणी. कुणीही लिहावं, कुणीही वाचावं. परगावची, रेडीची होडी आली तर तिलाही तेच.

जुनं झालेलं पुसायचं काम मात्र कुस्तोदियोचं. सगळे त्याला कुस्तोदबाब म्हणायचे. खांद्यावर कायम ओलं फडकं. दोघं वाटेवरून भांडायला लागले की तो एवढंच म्हणायचा, "भांडा मगे. आधी सांगा, काठी खंयसर बुडली?" की दोघं ओल्या काठीवर हात मोजायला लागायचे.

वीस वर्षं एक होडी वाळूत बसली नाही. नारळी पुनवेला लोक माझ्यापुढेही नारळ फोडायचे. मला वाटायचं, हे असंच चालणार. मूर्ख होतो.

चौऱ्याऐंशी साली मशीनच्या होड्या वाढल्या. पहिलं मशीन शंकरनं घेतलं. वल्हेवाल्यांत सगळ्यात जुना महादू. त्याची मुलगी कावेरी, तिचा नवरा सत्यवान. सत्यवाननं आठ वर्षं सासऱ्याच्या होडीत वल्हं मारलं आणि त्या साली शंकरच्या मशीनवर गेला. महादूला ते झोंबलं. कावेरीला वाचता येत नव्हतं. ती माशांची टोपली घेऊन रोज सकाळी माझ्यापुढे थांबायची. "कुस्तोदबाब, आज वाट खंयची?" तो सांगायचा, मगच ती नवऱ्याला सोडायची.

पुनव झाली. शंकरच्या मशीनचा पट्टा तुटला होता, म्हणून तो एकटाच लहान होडीतून काठी बुडवत बाहेर जाऊन आला आणि त्यानं लिहिलं, 'उत्तरेन तीन हात. मशीन घालू नका. शंकर.' महादू त्याच वाटेनं नुकताच आला होता. तो वाचून हसला.

"तीन हात म्हणजे कमी काय रे? माझी होडी थंयसून नाचत इली."

"महादूकाका, ती होडी न्हय, काथवट."

"आणि तुझी ती गिरण! पीठ दळ जा मेल्या!"

मग महादूनं बाजूला लिहिलं, 'उत्तरेन वाट बरी.' होडी कसली, पाणी किती, काही नाही. अरे, दोघंही खरं बोलत होते! वल्ह्याच्या होडीला दीड हात पुरतं, मशीनला चार लागतं. पण ते बघायला कुणाला वेळ होता? सगळे बघत होते, कोण जिंकतो.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर पाणी कमी आणि शिव्या जास्त. 'डिझेलवाल्यांनी खडू धरू नये.' 'वल्हेवाल्यांनी घराक बसान जाळी विणावी.' कुस्तोदबाबनं दोन्ही पुसलं, तर दोन्हीकडचे त्याच्याच अंगावर. "माझा पुसलंस, त्याचा ठेवलंस!" महादू तर ओरडला, "तुका कोणी नेमल्यान रे? फळो तुझ्या बापाशीचो काय?"

होता. ज्या होडीच्या या फळ्या, ती त्याच्या बापाचीच. पण तो ते बोलला नाही. फडकं त्यानं खिळ्याला अडकवलं. "घेवा. आता तुमीच पुसा."

आणि गेला. मला त्याचाही राग आहे, सांगतो. वीस वर्षांत ते फडकं त्यानं दुसऱ्या कुणाच्या हातात दिलं नाही. तो उठला आणि जागा ओस.

दुपारपर्यंत महादूनं शंकरची ओळ पुसली. तीन हात गेले. राहिलं ते 'उत्तरेन वाट बरी', एकटंच.

त्याच दुपारी शंकर मशीनचा पट्टा आणायला कुडाळला गेला, तो तिथंच राहिला. पट्टा दुसऱ्या माणसाबरोबर आला. सकाळी मशीन सत्यवानच्या हातात; ते बंद होतं तेवढे दिवस तो धक्क्यावर आलाच नव्हता. कावेरी बरोबर होती.

"कुस्तोदबाब खंय दिसणत नाय?"

"कित्याक होयो? बाबांचा अक्षर आसा मां. त्येंच्या शब्दार आठ वरसां वल्हा मारलंय मी." सत्यवाननं महादूच्या ओळीवर बोट ठेवलं.

लाकडाला तोंड नसतं, मित्रांनो. मशीनचा टुकटुक आवाज खाडीच्या तोंडापर्यंत ऐकू आला. मग थांबला.

चौघे गेले होते. तिघे पोहत आले. सत्यवानला तिसऱ्या दिवशी भरतीनं आणलं.

महादू माझ्यापुढे उभा होता. शंकर ओरडत होता, "मी लिवललंय! ह्येनी पुसल्यान!"

कावेरी पुढे आली. रडत नव्हती. "लिवललंस. आणि मगे दुसऱ्या दिसा काय लिवलंस? गाळी." मग बापाकडे वळली. "तीन हात. येवढाच होता मां बाबा? ता ऱ्हवला असता तर तुमचा काय जाईत होता?"

त्यानंतर महादू कधी खाडीबाहेर गेला नाही.

आठवड्यानं कुणीतरी माझ्यावर कागद चिकटवला: 'फळ्यावर लिहिण्यास सक्त मनाई आहे.' लोक म्हणतात, बरं झालं, भांडण मिटलं. मिटलं नाही. आता ज्याला वाट कळते तो ती स्वतःपाशी ठेवतो. दोन पावसाळे गेले. वाळू कुठं बसलीय ते माझ्यावर नाही.

मित्रांनो, भांडण वाईट नाही. माझ्यासमोर उभं राहून खुशाल भांडा. पण दुसऱ्याचा राग आला म्हणून त्यानं मोजलेलं पाणी पुसू नका. आणि जो सगळ्यांसाठी पुसत बसतो, तो उठून जाईपर्यंत त्याला एकटं सोडू नका. माझ्यावरचा कागद फाडा आणि खडू घ्या. लवकर.

आत्ता समोर एक परगावचं मशीन उभं आहे. नवा रंग, नवी जाळी. ते चालवणारा तांडेल माझ्याकडे आला. त्यानं कागद वाचला, मग जाऊन होडीचा दोर सोडला.