अर्धा भार

“सर, कितीही लांब म्हणजे अगदी कितीही?” मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले.

“कितीही,” रुहियात म्हणाला. फळ्यावर त्याने एक आडवी रेषा ओढून तिच्यावर अधिक-उणे विद्युतभारांचे कण मांडले होते. “आपल्या जगात दोन भार लांब गेले की ओढ कमी होते. या रेषेवरच्या जगात होत नाही. हातभर अंतर असो नाहीतर कोसभर, ओढ तेवढीच.”

“मग सगळी ओढाताणच की, सर!”

वर्ग हसला. तोही हसला. “म्हणून तर गर्दी कामाला येते. मधे उलट भाराचे कण येऊन उभे राहतात नि लांबच्याची ओढ झाकून टाकतात. पण रेषेच्या टोकाला कुणी अर्धाच भार ठेवला तर? गर्दीतले सगळे पूर्ण भाराचे. अर्ध्याची भरपाई त्यांच्यातल्या कुणालाच जमत नाही. तापमान वाढवा, कणांची हवी तेवढी पळापळ करा. तो रेषेभर जाणवतच राहतो.”

पहिल्या बाकावर लास्मिनी बसली होती. बांडुंगच्या विद्यापीठातल्या याच विभागात तिने जन्मभर प्रयोगशाळा सांभाळली होती. रुहियात मॉस्कोला शिकायला गेला तेव्हा त्यांचे लग्न ठरलेले होते. तो तिकडे असतानाच इथले सरकार उलटले, कत्तली झाल्या, आणि नव्या सरकारला मान्यता न देणाऱ्या विद्यार्थ्यांचे पासपोर्ट रद्द झाले. रुहियातने मान्यतेच्या कागदावर सही दिली नव्हती. लास्मिनीच्या वडिलांनी घाबरून त्याची पत्रे चुलीत घातली. पुढे तिचे लग्न झाले, मुले झाली, नवरा वारला. आता इतक्या वर्षांनी विद्यापीठाने त्याला व्याख्यानाला बोलावले होते.

व्याख्यान संपल्यावर तो सरळ तिच्यापाशी आला.

“कळलं का काही, नेंग?”

नेंग म्हणजे लहान पोरीला मारायची हाक. तिचे पांढरे केस बघून विद्यार्थिनी खुदकन हसल्या.

“कळलं, कांग,” तीही मोठ्या भावाला मारावी तशी, लग्न ठरल्यापासूनची हाक मारत म्हणाली. “अक्षर मात्र अजून कोंबडीच्या पायांचंच आहे तुमचं.”

ती त्याला घरी जेवायला घेऊन गेली. केळीच्या पानात वाफवलेला मासा, भात, वाटलेली मिरची. त्याने मोठ्या हौसेने मिरची घेतली आणि पहिल्याच घासाला त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

“राहू दे ती. सवय गेली तुमची,” ती म्हणाली.

“सवय गेली गं, पण जीव कुठं सोडतोय!” आणि त्याने पुन्हा बोट बुडवले.

जेवण होईपर्यंत तो गल्लीतल्या एकेका माणसाची चौकशी करत राहिला. बहुतेक गेलेले होते. मग तिने धाकट्या मुलाच्या रिकाम्या खोलीचे दार उघडून दाखवले. नवी चादर, खिडकीशी टेबल.

“इथं लिहीत बसता येईल,” ती म्हणाली. “पोरांना विचारलंय मी. त्यांची काही हरकत नाही.”

तो उंबऱ्यातच थांबला.

“तिकडे मॉस्कोत गालिनाला आता धड चालता येत नाही,” तो म्हणाला. “माझं तिथं काही नव्हतं तेव्हा तिनं मला घरात घेतलं. तिचं जेवण मीच करतो.”

“मग जायलाच हवं,” लास्मिनी म्हणाली. तिने दार ओढून घेतले. “तिला मिरची चालते का?”

“नाव काढलं तरी शिंकते.”

दोघेही हसले.

विमानतळावर ती त्याच्याबरोबर काउंटरपर्यंत गेली. रुहियातने खिडकीजवळची जागा मागितली, बॅगेबद्दल विचारले. काउंटरवरची मुलगी कधी त्याच्या तोंडाकडे, कधी रशियन पासपोर्टाकडे बघत होती.

“अय्या, किती छान बोलता हो तुम्ही आमची भाषा!” ती म्हणाली. “फक्त थोडी जुन्या वळणाची वाटते. कुठं शिकलात?”

लास्मिनी काहीतरी बोलायला पुढे झाली. त्याने हलकेच तिच्या हातावर हात ठेवला.

“आईनं शिकवली,” तो म्हणाला.

“छानच शिकवली. पुन्हा या हं आमच्या देशात.”

रुहियातने पासपोर्ट घेतला आणि पाहुण्याने मानावेत तसे, जरासे वाकून, तिचे आभार मानले.