नुसता भात

चार महिने माझे जिवाणू खाऊन-पिऊन गुटगुटीत होत होते आणि प्लॅस्टिक मात्र रतीभर देत नव्हते.

काम सांगायला सोपं आहे. उरलेल्या भाताची पेज करून जिवाणूंना घालायची. पिष्ट भरपूर आणि नायट्रोजनची टंचाई, असं झालं की ते पुढच्या वाईट दिवसांसाठी अंगात चरबीसारखे कण साठवतात. ते कण बाहेर काढले की त्यांचं प्लॅस्टिक होतं, मातीत विरून जाणारं. विद्यापीठाच्या कँटीनमधल्या भातावर एकदा ते झालंही होतं. मग कँटीन दुरुस्तीसाठी बंद झालं आणि मी दाना ओली नावाच्या गल्लीतल्या विजयाबाईंच्या खानावळीतून भात आणू लागले. तेव्हापासून शून्य.

सगळ्यांना शिव्या घालून झाल्या. जाणाऱ्या लाईटला, चंबू हलवत ठेवणाऱ्या खडखडत्या शेकरला, कण विरघळवून काढायच्या क्लोरोफॉर्मच्या बाटलीला. भात पिवळट दिसायचा, म्हणून जुना तांदूळ विकणाऱ्या टोपी बाजारातल्या दुकानदारालाही. माझे गाईड भालचंद्र सर शेवटी कंटाळले. गुरुवारच्या बैठकीत नाण्याएवढा का होईना, प्लॅस्टिकचा पापुद्रा दाखव, नाहीतर विषय बदल, म्हणाले. म्हणजे माझी तीन वर्षं पाण्यात.

रविवारी डबा न्यायला मी नेहमीपेक्षा लवकर पोचले. विजयाबाई डब्यात भात भरत होत्या. भरून झाल्यावर त्यांनी त्यावर दोन पळ्या वरण ओतलं आणि हाताने छान कालवलं.

हे कधीपासून, मी विचारलं. पहिल्या दिवसापासून, त्या कौतुकाने म्हणाल्या.

डाळ म्हणजे प्रथिनं, आणि प्रथिनं म्हणजे नायट्रोजनच. मी ज्यांना टंचाईत ठेवायला निघाले होते, त्यांना ही बाई रोज पंगत वाढत होती. माझं डोकंच फिरलं. जेवणारी माणसं वळून बघेपर्यंत माझा आवाज चढला.

"तूच तर बोलली होतीस ना बेटा, की ते भात खातात," विजयाबाई म्हणाल्या. "मग नुसता भात कसा वाढणार? गाईच्या घासावरसुद्धा आपण वरण घालतो."

मी तावातावाने सगळं सांगून टाकलं. भरल्या पोटी ते काही साठवत नाहीत. दोन दिवस कोरडं खायला घालायचं, आणि साठवण झाली की त्यांना मारून ती काढून घ्यायची. मारायचं हे सांगायची काही गरज नव्हती, पण रागात तेही सांगितलं. विजयाबाईंनी डबा रिकामा केला, घासला, पुसला आणि माझ्याकडे न बघता पांढरा भात भरून दिला.

दोन दिवस वाढ, एक दिवस काढणी. गुरुवारी सकाळी काचेच्या बशीतून मी पापुद्रा सोलला. कडेला फाटला, पण नाण्यापेक्षा मोठा होता. भालचंद्र सरांनी तो खिडकीशी धरून पाहिला आणि म्हणाले, "चलो, हुआ तो सही." विषय राहिला.

मला नाचावंसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी संतापच येत होता. दोन पळ्यांपायी चार महिने गेले होते आणि विजयाबाईंना सुनावायचं बरंच शिल्लक होतं. पापुद्रा डबीत घालून मी दुपारी तडक दाना ओली गाठली.

खानावळ रिकामी झाली होती. विजयाबाई एकट्याच जेवत होत्या. ताटात नुसता भात होता आणि वरणाचं पातेलं शेजारी झाकून ठेवलेलं होतं. मी विचारलं, आज उपास आहे का.

"उपास कसला. रविवारपासून असंच चाललंय," त्या म्हणाल्या. "मरणाऱ्यांना शेवटचं जेवण मी कोरडं वाढलं ना, बेटा. मग माझ्या घशाखाली वरण कसं उतरणार?"

या बाईवर धड रागावताही येत नव्हतं. डबी पर्समध्येच राहू दिली. पातेल्यावरचं झाकण काढलं आणि त्यांच्या भातावर दोन पळ्या वरण वाढलं.