पायलीतलं पिल्लू

कोठीत उंदीर पडताहेत, हे तुम्हांला ठाऊक होतं. ठाऊक असून तुम्ही गप्प बसलात आणि दुसऱ्यांनाही गप्प बसवलंत. नाव मी घेत नाही. ज्याचं आहे त्याला ते बरोबर लागेल.

मित्रांनो, तुम्ही दचकू नका. हे तुम्हांला नव्हे. मी एक जुनी मांजरी आहे. रंगानं करडी, एका डोळ्यानं अधू आणि स्वभावानं संशयी. वाटीतलं दूधसुद्धा मी आधी तीनदा हुंगते. लोक हसतात. हसू देत. हुंगत आले म्हणून मी म्हातारी झाले.

देवासहून बागलीकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावात धान्याची मोठी कोठी होती. तिथं जोंधळ्याच्या पोत्यांमागे माझा जन्म झाला. मांजरी पिल्लांना सात घरं हिंडवते म्हणतात. आमच्या आईची मजल तिसऱ्या कोपऱ्यापर्यंतच गेली. एके सकाळी तिला आयता पडलेला उंदीर सापडला आणि तिनं तो खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिच्या जबड्याखाली गाठ आली आणि ती मेली. माझी दोन भावंडं तिच्या थंड पोटाशी लुचत लुचत गेली. माझे डोळे तेव्हा नुकते उघडले होते. पहिलं पाहिलं ते हे.

कोठीचा पहारेकरी खंडोजी. मिशा अशा की माझ्या मिशांना लाज वाटावी. त्यानं आईला परसात पुरलं, मला धान्य मापायच्या पायलीत घातलं आणि जानकीबाईंच्या दारात आणलं. जानकीबाईंचा मुलगा धारला नोकरीवर. घरात त्या आणि सून बकुळा, दोघीच.

“वहिनीसाहेब, बिल्ली मर गई बिचारी. एवढं पिल्लू जगवा.”

“पायलीभर मांजर आणलंस होय रे?” बकुळा हसली.

“मापून घ्या. चिपटंसुद्धा भरायचं नाही.”

जानकीबाई हसल्या नाहीत. “आई मेली कशानं?”

“म्हातारी झाली असेल, आईसाहेब.”

“अंगावर पाजणारी म्हातारी? वा रे वा!”

खंडोजी मिशी चाळवत राहिला. माझं नाव मात्र त्या दिवशीच पडलं, पायली.

बकुळानं मायेपोटी मला म्हशीचं सायीचं दूध पाजलं आणि माझं पोट नगाऱ्यासारखं तटतटलं. जानकीबाईंनी वाटी ओढून घेतली. “अगं, पोटात मावेल तेवढीच माया द्यावी!” मग शेळीचं दूध, पाणी घालून, कोमट करून, कापसाच्या वातीनं थेंब थेंब. पाजून झालं की ओल्या फडक्यानं पोट पुसायचं, कारण आईनं चाटल्याशिवाय एवढंसं पिल्लू मोकळं होत नाही. निजायला चुलीजवळ टोपली, तीत जुन्या लुगड्याचा तुकडा. पुढे कोपऱ्यात राखेचं घमेलं, रोज नवी राख. महिन्याभरात मी बकुळाच्या निऱ्यांना लोंबकळू लागले.

तेव्हा एक दिवस खंडोजी शेपटीनं उंदीर धरून आला. “घ्या, आता हिला शिकार शिकवा!”

मी झेपावले. नख लागणार तोच जानकीबाईंनी मला मानेला धरून उचललं.

“हा मारला कुणी?”

“मांजरांनी, आईसाहेब. कोठीतली मांजरं फार कामाची निघाली, असं साहेबच म्हणतात. रोज टोपलीभर उचलतो न् नाल्यात टाकतो. बोलू नकोस म्हणाले, दृष्ट लागते.”

“कोठीत मांजर एकच होतं. ते मरून महिना झाला.” जानकीबाईंनी काठीनं उंदीर उलटापालटा केला. “आणि ह्याला दात कुठे लागलाय, दाखव.”

दात कुठेच लागला नव्हता.

खंडोजीनं आपले दोन्ही हात पाहिले. उघडे हात. ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना.

“मांजर मारलं तर काशीला सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं,” जानकीबाई म्हणाल्या. “जा, विचार तुझ्या साहेबांना. हिच्या आईचं पाप कुणाच्या माथी?”

तो गेला आणि त्यानं तुम्हांला विचारलं. तुम्ही म्हणालात, “टोपली उचल.”

जानकीबाईंनी तो उंदीर घासलेट ओतून जाळला आणि त्याच संध्याकाळी बकुळाला नि मला घेऊन रानातल्या झोपडीत मुक्काम हलवला. खंडोजीलाही ‘तूही चल’ म्हणून किती विनवलं! “भाकरी त्यांची खातो, आईसाहेब. पहारा कसा टाकू?” गाव हसलं, मांजरापायी म्हातारी रानात गेली म्हणून. आठ दिवसांत गावात प्लेग पसरला आणि सगळं गाव रानात आलं. कुणी हसत नव्हतं.

खंडोजी रोज संध्याकाळी कुंपणापलीकडे लांब उभा राही आणि ओरडून विचारी, “आमची पायली काय म्हणते?” बकुळा मला उचलून दाखवी. पाचव्या संध्याकाळी तो आला नाही. त्याच्या जांघेत गाठ आली होती.

मित्रांनो, पिल्लू घरी आणाल तर त्याला ऊब द्या, कोमट दूध द्या, स्वच्छ राख द्या. पडलेला उंदीर त्याच्या तोंडी लागू देऊ नका, स्वतःच्या हातीही लागू देऊ नका. आणि कुणी ‘बोलू नकोस’ म्हणालं, तर आधी हुंगा.

आता तुम्ही, नाव न घेतलेले. खंडोजी टोपल्या उचलत होता, तेव्हा तुमच्या घरची माणसं नर्मदास्नानाला म्हणून धरमपुरीला गेली होती. गाडीत तुमचं पाळलेलं मांजरही होतं. स्नानाला कुणी मांजर नेतं?

मांजर मारलं तर सोन्याचं मांजर द्यावं लागतं. खंडोजी मेला, त्याचं काय द्यावं लागतं? मी म्हातारी आहे, पण अजून दारात बसले आहे. बोला.