भागाकारातला जावई

वालूरच्या शाळेत भुजंगराव गुर्जींची हेडमास्तरकी एका तपासणीवर अडली होती. येणारे साहेब गणिताला कडक, असं जो तो सांगत होता. गुर्जींना भागाकार झोपेतही आला असता. घोडं पेंड खात होतं ते नावांपाशी. त्यांचं शिक्षण निजामाच्या अमलात, उर्दूतून झालेलं. मकसूम आणि मकसूम अलैह तोंडात मुरलेले, पण मराठीत भाज्य कोणता नि भाजक कोणता, यात ते हमखास घसरत.

शेवटी त्यांनी आपली वाट काढली. दोन कंस म्हणजे घराची दोन दारं. मधलं भरलं घर सासऱ्याचं, डाव्या दारात उभा तो जावई. जावई किती वेळा नेतो, ते उजव्या दाराबाहेर मांडायचं. खाली उरेल ते सासूचं. त्यात चौऱ्याहत्तरचा अधिक महिना, घरोघर जावई धोंड्याचं जेवायला आलेले. पोरं चुटकीसरशी भागाकार शिकली.

"सायबापुढं जावयाचं नाव काढायचं न्हाई," गुर्जींनी बजावलं. "भाजक म्हणायचं."

"भाजक म्हंजी सासरा का, गुर्जी?" चौथीतल्या धुरपतीनं विचारलं.

गुर्जींनी घाईघाईनं पाढे म्हणायला लावले.

साहेब आले. फळ्यावर ६५ ÷ ७ लिहून म्हणाले, "सोडवा." पोरं एकमेकांकडे बघू लागली.

धुरपती उठली. "सायेब, ह्याला दारंच न्हाईत. जावई यील कुठून?"

गुर्जींनी डोळे मिटले.

साहेबांनी खडू तिच्यापुढे धरला. तिनं कंस काढले, मधे पासष्ट, डावीकडे सात. उजवीकडे साहेबांनी स्वतःच आठ लिहिले आणि खाली बाकी नऊ. "बरोबर?"

वर्ग फिदीफिदी हसला. धुरपती म्हणाली, "आवो, नऊ उरले की! जावई सातचा. आनखी एकदा नेल्याबिगर त्यो दारातून हालतोय व्हय?"

"आणि सासूला?"

"दोन. तिला जावयापेक्षा कमीच उरायचं."

साहेब गुर्जींकडे वळले. "आता यातला भाजक कोणता, तुम्ही सांगा."

गुर्जींनी फळ्याकडे बोट केलं. "मकसूम अलैह डावीकडचा," ते बोलून गेले. "म्हणजे, मराठीत…"

साहेबांनी दाराबाहेरच्या शिपायाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "उर्दूतून का?"

"जी. परभणीला."

"मी सेलूला. जीपमध्ये ही मराठी नावं घोकत निघालो होतो, वाटेत पेडगाव मागं पडलं आणि सगळं पुसलं. म्हणून तर तुम्हाला विचारलं!"

दोघांनी टेबलावरचं पुस्तक उघडलं आणि डोक्याला डोकं लावून पान शोधलं.

"डावीकडचाच!" साहेब जवळजवळ ओरडले. मग कोट सारखा करून वर्गाकडे वळले. "भाजक डावीकडे. लक्षात ठेवा. आणि हेडमास्तर, पुढचा वर्ग दाखवा."

गुर्जी मागे वळून हेडमास्तरांना शोधू लागले. तेव्हा धुरपतीनं त्यांचं धोतर ओढलं. "गुर्जी, तुमालाच म्हणायलेत."